काडीवाला फोन की बटनांचा?

नोकिया ११०० मरत नाही. निदान माझा तरी मरत नव्हता. अडावदच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला, फिल्टर धुताना हौदात गेला, पीव्हीसी जोडायच्या सोल्युशनने त्याची पाठ पांढरी झाली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजायचाच. कीपॅड अखंड रबराचं, त्यामुळे धूळ आत शिरत नव्हती. वरच्या टोकाला टॉर्च. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइट बरेचदा रात्रीच यायची. मोटार सुरू झाली की ठिबकचं काय बिघडलंय ते तेव्हा कळायचं, आणि मग एका हातात पाना आणि दातात फोन धरून व्हॉल्व्ह खोलायचा. २००३ मध्ये आलेला हा फोन पुढे जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला असं वाचलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही.

तो बदलायची वेळ २००७ मध्ये आली ती पाटलांमुळे.

चोपड्यात माझी ठिबक सिंचनाची छोटी एजन्सी. गिऱ्हाईक म्हणजे तालुक्यातले केळी आणि कापूसवाले. आता खान्देशात ज्याचा धंदा शेतकऱ्यांशी आहे त्याच्या फोनमध्ये निम्मे पाटील, उरलेल्यांत चौधरी, महाजन आणि धनगर. ११०० मध्ये फोनच्या पोटात पन्नास नावं आणि सिममध्ये अडीचशे. एका नावाला एकच नंबर, आणि सिमवर नाव लांब झालं की कापलं जायचं. ‘PATIL B ADAWAD’ पैकी गावाचा अर्धा तुकडा उरायचा. भास्कर की भागवत, धाकटा की थोरला, केळीवाला की कापूसवाला, काही पत्ता लागायचा नाही. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं कोणीतरी पुसावं लागे. मग पुसलेल्याचा फोन यायचा आणि मी ‘कोण बोलतंय?’ विचारलं की तो नाराज. गेल्या वर्षी तीन एकराचं ठिबक घेतलं आणि यंदा ओळख नाही म्हणजे काय!

दुसरी गरज हिशेबाची होती. शेतात जायचं, टेप धरून मोजायचं, विहिरीचं पाणी, मोटार, उंच-सखल बघायचं, आणि दुकानात येऊन कॉम्प्युटरवर कोटेशन काढायचं. हिशेब अवघड नाही, पण लांबट आहे. केळी पाच बाय पाच फुटांवर असली तर एकरात साधारण १७४२ खोडं बसतात. पाच फुटांवर नळी टाकली की एकराला ८७०० फूट, म्हणजे २६५५ मीटरच्या आसपास नळी लागते. साठ सेंटिमीटरवर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड, असलेली नळी घेतली तर सव्वाचार-साडेचार हजार ड्रिपर. ताशी चार लिटरचे असले तर एकर भिजवताना तासाला सतरा-अठरा हजार लिटर पाणी हवं. मोटार तेवढं देत नसेल तर प्लॉटचे भाग पाडायचे, सबमेन (मेन लाइनची फांदी) वेगळी, व्हॉल्व्ह वेगळे. एक आकडा बदलला की खालचे सगळे बदलतात. एक्सेलमध्ये हे मी बसवून ठेवलं होतं. तीच शीट खिशात असती तर, असं बऱ्याचदा मनात यायचं.

तर असा दोन बाजूंनी विचार चालू असताना भाच्याने काडी टाकली. हा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्याकडे पॉकेट पीसी फोन होता, म्हणजे फोन आणि खिशात मावणारा कॉम्प्युटर एकातच, आणि तो नवा घेणार होता. फोनवर म्हणाला, “मामा, माझा तुम्ही घ्या. आठ हजार द्या. एक्सेल आहे, वर्ड आहे, आउटलुकमधले सगळे कॉन्टॅक्ट त्यात येतात. तुमच्या धंद्याला याच्यापेक्षा भारी काही नाही.” तेव्हा असा नवा फोन वीस हजारांच्या खाली मिळत नव्हता, त्यामुळे आठ हजार ऐकून माझे कान टवकारले.

पण आपण व्यापारी माणूस. भाच्याचा असला म्हणून काय झालं, बाजारात फिरून आल्याशिवाय हो म्हणायचं नाही. जळगावला माल आणायला गेलो तेव्हा गोलाणी मार्केटमध्ये शिरलो. मोबाइलच्या बाबतीत गोलाणी म्हणजे खान्देशची पंढरीच. नवा, जुना, दुरुस्तीचा, नुसत्या कव्हरचा, सगळा बाजार एका छताखाली. तिथे पहिल्यांदा कळलं की ‘पॉकेट पीसी’ नावाखाली दुकानदार वाटेल ते विकत होते. या फोनांना चालवणारं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, विंडोज मोबाइल. त्याची सहावी आवृत्ती त्याच वर्षी आणताना त्यांनी हे नावच काढून टाकलं होतं. टच स्क्रीनवाल्या फोनच्या आवृत्तीला प्रोफेशनल म्हणायचे आणि बिनटचवाल्याला स्टँडर्ड. गोलाणीत मात्र काडी असली की पॉकेट पीसी, एवढी सोपी व्याख्या होती. काडी म्हणजे पडद्यावर टोचायचा स्टायलस.

एका दुकानात पाच हजारांत एक जुना सेट काढून दाखवला. चकचकीत, पडदा मोठा, चालूही झाला. मी तिथूनच भाच्याला फोन लावला. त्याने विचारलं, “मामा, सेटिंगमध्ये जाऊन अबाउट बघा. विंडोज मोबाइल २००३ आहे का?” तेच होतं. “मग हात लावू नका. त्या जुन्या सेटमध्ये तुमचे नंबर, तुमच्या फायली सगळं रॅममध्ये राहतं. बॅटरी पार उतरली की सगळं साफ, फोन कोरा. विंडोज मोबाइल पाचपासून पुढे ते कायमच्या मेमरीत राहतं. माझा पाचवाला आहे.”

ही गोष्ट ऐकून मी दुकानदाराकडे बघितलं, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. आमच्याकडे त्या वर्षी खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन. बॅटरी पार उतरणं ही आमची रोजची गोष्ट, अपघात नव्हे. ज्या यंत्राची स्मरणशक्ती बॅटरीवर टांगलेली आहे ते आमच्या तालुक्यात कोणी घेऊ नये. आजही कुठलं यंत्र घेताना मी विचारतो, लाइट गेल्यावर याचं काय होतं? दुकानदारांना हा प्रश्न आवडत नाही.

साध्या फोनांच्या बाजूला बघितलं तर तिथेही गर्दी. सहा-साडेसहा हजारांत नोकिया ३११० क्लासिक होता, नुकताच आलेला. त्याहून महाग आणि पातळ, स्टीलचा ६३००. थ्रीजीवाला ६२३३ पण होता, पण भारतात थ्रीजीच नव्हतं. त्याचे पैसे कशाला मोजायचे? कॅमेऱ्यासाठी सोनी एरिक्सनचे के मालिकेतले फोन पोरं मागत होती. मला ३११० बरा वाटला. मेमरी कार्ड, ब्लूटूथ, एका नावाखाली अनेक नंबर आणि वर टीप लिहायची सोय. ‘पाटील, अडावद, केळी ३ एकर, बोअर’ असं सगळं एका नावाखाली बसत होतं. पाटलांचा प्रश्न इथेच निम्मा सुटला होता, पण डोक्यात एक्सेल होतं.

बॅटरीची एक भानगड त्या दिवसांत ताजी होती. ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केलं होतं की मात्सुशिताने बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, त्या बदलून मिळतील. इकडे ‘मोबाइल फुटतो’ म्हणून एकच बोंब. चोपड्यात पानटपरीवर लोक फोन उघडून बॅटरीच्या मागचा लांबलचक नंबर एकमेकांना वाचून दाखवत होते. माझ्या ११०० मध्येही बीएल-५सीच होती, पण ती त्यातली निघाली नाही. या गोंधळातून मला एक वेगळीच गोष्ट कळली: ३११० क्लासिकलाही तीच बीएल-५सी लागते. म्हणजे माझी जुनी बॅटरी आणि दुकानात पडलेली जास्तीची, दोन्ही नव्या फोनला चालणार. गोलाणीतल्या कुठल्याच माणसाने हे मला आपणहून सांगितलं नाही, साहजिकच.

भाचा दिवाळीला आला. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होती, आणि आमचा तोच धंद्याचा मोसम, कारण केळीच्या कांदेबागेची लागवड चालू असते. मृगबाग पावसाळ्याच्या तोंडाशी, कांदेबाग थंडीच्या तोंडाशी. या दोन वेळा ठिबकवाल्याला जेवायला फुरसत नसते. मी त्याला म्हटलं, “पैसे नंतर. आधी मी माझं सिम याच्यात घालून फिरतो. तू आहेस तोवर आणि गेल्यावरही थोडे दिवस.” तो तयार झाला. त्याला वापरायला घरात जुना फोन होताच.

पहिली संध्याकाळ शिकण्यात गेली. पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर एक फुली येते, तिच्या मधोमध काडी टोचायची, मग फुली दुसरीकडे जाते. असं केलं की पडदा आणि काडी यांचं जुळतं. हे पडदे दाबावर चालायचे. वरचा पापुद्रा दबून खालच्या थराला टेकला की बोटाची जागा कळायची. त्यामुळे नखानेही चालायचं, टोपण लावलेल्या पेननेही चालायचं. मला हे आवडलं, कारण केळीच्या बागेत गेलं की हाताला चीक लागतो आणि चिकाच्या बोटाने भाच्याचा फोन धरायची हिंमत झाली नसती. दुसरी गंमत म्हणजे वरच्या कोपऱ्यातली फुली. कॉम्प्युटरवर ती दाबली की प्रोग्रॅम बंद होतो. इथे तो फक्त नजरेआड होतो, आत चालूच राहतो. बंद करायचा तर सेटिंग, सिस्टीम, मेमरी, चालू प्रोग्रॅमची यादी, थांबवा. असं केलं नाही तर फोन मंदावत जायचा. फारच अडला तर एका बारीक भोकात काडीचं टोक खुपसायचं, की रिसेट.

माझी एक्सेल शीट त्याने केबलने फोनमध्ये टाकून दिली. उघडली, आणि खरं सांगतो, मी हरखलो. अडीच-पावणेतीन इंची पडद्यावर माझे सगळे रकाने. अंतर बदललं की नळीचे मीटर बदलतायत, ड्रिपरचा आकडा बदलतोय, खाली रुपये बदलतायत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोट्समध्ये काडीने चित्र काढता येत होतं. शेत काही चौकोनी नसतं. कुठे नाल्याने कोपरा खाल्लेला, कुठे मधेच चिंचेचं झाड, विहीर एका टोकाला. मी बांधावर उभा राहून प्लॉटचा आकार काढायचो, विहिरीपासून मेन लाइन कुठून जाईल ती रेघ मारायचो आणि गट नंबर लिहून ठेवून द्यायचो. वहीत काढलेली चित्रं भिजतात, फाटतात, सहा महिन्यांनी सापडत नाहीत. ही सापडायची. आजही त्या फोनची आठवण निघाली की मला एक्सेल नाही, ती चित्रं आठवतात.

लासूरच्या एका शेतात मी असाच काडीने रेघा ओढत उभा होतो. शेताचे मालक, वय सत्तरीचं, जवळ येऊन वाकून बघायला लागले. “हाई काय शे भो? टीव्ही शे का?” म्हटलं, “नाही आबा, फोन आहे.” त्यांनी काडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मंग बोलतंस कथाईन?” म्हणजे बोलतोस कुठून? आता यावर काय सांगणार? वाजला तेव्हा कानाला लावून दाखवला.

आणि तिथेच अडचणी सुरू झाल्या. बोलायला तो फोन मला कधी जमलाच नाही. कानाला लावला की गालाचा दाब पडद्यावर पडायचा. त्या फोनला गाल आणि बोट यातला फरक कळत नव्हता. बोलता बोलता होल्ड दाबला जायचा, किंवा अचानक स्पीकर सुरू व्हायचा आणि माझं बोलणं सगळ्या बांधाला ऐकू जायचं. दराचं बोलणं चालू असताना असं झालं तर धंद्यात परवडत नाही. ११०० वर मी न बघता, मोटारसायकल चालू ठेवून, खिशातल्या खिशात हिरवं बटण दाबायचो. इथे बघावं लागे. हातमोजे, चीक, धूळ याचं काही नाही, पण बघावं लागे. खेडेगावच्या रस्त्यावर बघायच्या गोष्टी दुसऱ्या असतात.

मेसेजचं वेगळंच. त्या काळात आमचे बरेच लोक रोमन अक्षरांत मराठी लिहायचे, ‘pani chalu zal nahi’ असं, ते ठीक दिसायचं. पण काही शिक्षक मंडळी आणि एक हौशी सरपंच देवनागरीत मेसेज पाठवायचे. देवनागरीत एका मेसेजमध्ये सत्तरच अक्षरं बसतात, रोमनमध्ये एकशेसाठ, तरी ते पाठवायचे, हौस. माझ्या स्वस्तातल्या नोकियावर ते वाचता यायचे. या महागड्या पडद्यावर नुसते चौकोन. भाचा म्हणाला, वेगळं सॉफ्टवेअर टाकलं की दिसेल. म्हटलं, आठ हजारांचा फोन, त्यावर मराठी वाचायला आणखी सॉफ्टवेअर! तो हसला, पण मला काही हसू आलं नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. चष्मा लागल्यावर माणूस चष्म्याची सवय करतो तशी मी गालाची सवय केली असती. गोष्ट अडली ती दोन ठिकाणी, आणि त्यातली एक मला आधी सुचलीच नव्हती.

पहिली बॅटरी. सकाळी पूर्ण भरलेला फोन, शीट उघडली, चित्रं काढली, बोललो, की दिवेलागणीला लाल. सातपुड्याच्या पायथ्याला वैजापूरकडे गेलो तर त्याहून आधी, कारण तिथे रेंज जाते-येते आणि फोन टॉवर शोधत राहतो. बरं, उतरला तर भरायचा कुठे? नोकियाचा चार्जर प्रत्येक घरात. जाड पिन, बारीक पिन आणि दोन्हींच्या मधला तो छोटा कन्व्हर्टर चोपड्यात किराणा दुकानातसुद्धा मिळायचा. या फोनला केबल लागायची ती यूएसबीसारखी, पण नेमकी त्याच्याच घाटाची. चोपड्यात ती मिळाली नाही. आणि मिळाली असती तरी लाइट कुठे होती?

एक दिवस हातेडच्या एका घरी जेवायला बसवलं. यजमानांच्या नातवाने फोन मागितला. दिला. त्यात तो रंगीत बुडबुडे फोडायचा खेळ असतो, काडीने टोचायचा. पोरगं त्यात असं रमलं की आम्ही जेवून, पान खाऊन, विहीर बघून आलो तरी त्याची मान वर नाही. परत निघालो तेव्हा बॅटरीचं चिन्ह शेवटच्या रेघेवर. घरी पोहोचेपर्यंत फोन बंद, घरी लाइट नाही, म्हणून तसाच ठेवून झोपलो. त्या रात्री धानोऱ्याच्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात बाराच्या सुमाराला लाइट आली. त्याची नवी कांदेबाग, रोपं जमिनीत जाऊन आठवडा झालेला. फिल्टर चोक झाला होता, प्रेशर येत नव्हतं. त्याला फक्त एवढं हवं होतं की कुठलं झाकण खोलायचं आणि कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. दोन मिनिटांचं बोलणं. तो फोन लावत राहिला.

सकाळी दुकान उघडायच्या आधी तो दारात उभा होता. चिडलेला नव्हता, तेच वाईट. एवढंच म्हणाला, “तुना फोन लागत नही भो. रातभर लाइट व्हती, पानी काही भरायनं नही.” मी त्याच्याबरोबर गेलो, फिल्टर साफ करून दिला. रोपं काही एका रात्रीत मेली नाहीत. पण मोटारसायकलवर जाताना माझं ठरत आलं होतं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच पोटात बसवले की दोघांचं जेवणही एकच होतं. कॉम्प्युटरने खेळ खेळून ते संपवलं तर फोन उपाशी मरतो. पुण्यात भाच्याच्या टेबलावर चार्जर, गाडीत चार्जर, ऑफिसात लाइट जातच नाही. तिथे ही भानगड कधी कोणाच्या लक्षातही येणार नाही. चूक फोनची नव्हती. तो आमच्या विजेच्या फीडरसाठी बनवलेला नव्हता, एवढंच.

मी तरीही दोन दिवस घुटमळलो, कारण शीट सोडवत नव्हती. आणि इथे ती दुसरी गोष्ट.

चहार्डीला एका शेतकऱ्याने चार एकराचं काम दाखवलं. मी मोजलं, शीट भरली, आणि तोंडातून आकडा निघून गेला. पूर्वी असं होतच नसे. पूर्वी मी म्हणायचो, “दुकानात या, काढून ठेवतो.” मग तो दोन दिवसांनी सातबारा घेऊन यायचा, बरोबर भाऊ किंवा मुलगा असायचा, चहा व्हायचा, अनुदानाचं बोलणं व्हायचं. त्या वेळी निम्मे पैसे सरकारी योजनेतून मिळायचे, पण कागद भरावे लागायचे, आणि शेतकऱ्याला किती भरायचे ते समजावून सांगितल्याशिवाय नुसत्या एकूण आकड्याला काही अर्थ नसायचा. कागदावर छापलेला आकडा, नळीचे मीटर वेगळे, फिल्टर वेगळा, फिटिंग वेगळी असं बघितलं की माणूस पटवून घेतो. बांधावर उभं राहून नुसता एकूण आकडा ऐकला की तो एकच काम करतो: घासाघीस. चहार्डीवाल्याने तिथल्या तिथे पाच हजार कमी करायला सांगितले आणि मी नाही म्हटल्यावर, “जमवा हो, यंत्रातच तर टाकायचंय” म्हणाला. त्याच्या हिशेबाने यंत्राने काढलेला आकडा यंत्राने कमीही करावा! दुकानात छापून आलेल्या कागदाला असं कोणी म्हणत नाही.

बरं, तो त्या दिवशी हो म्हणालाही असता तरी सौदा झाला नसता. घरी विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी एवढे पैसे मोकळे करत नाही. म्हणजे ज्या घाईसाठी मला शेतात एक्सेल हवं होतं ती घाई फक्त माझी होती. गिऱ्हाइकाला ती नव्हती. शेतात मला चार-पाच आकडे हवेत: लांबी, रुंदी, अंतर, पाण्याची खोली, मोटार किती एच.पी.ची. ते वहीत लिहायला अर्धं मिनिट लागतं. बाकीचं दुकानात, इन्व्हर्टरवर, शांतपणे.

भाच्याला पुण्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो थोडा हिरमुसला. म्हणाला, “मामा, सगळं जग तिकडेच चाललंय.” म्हटलं, जाऊ दे की, आम्ही येतो मागून, आधी लाइट येऊ दे. त्याचं म्हणणं खरंच होतं म्हणा. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आयफोन आला, काडीशिवायचा, एकतीस हजारांचा, आणि काडीवाल्यांचे दिवस भरले. पण मी २००७ च्या नोव्हेंबरात चोपड्यात उभा होतो.

गोलाणीत जाऊन ३११० क्लासिक घेतला. दोन दुकानं बघितली, शंभर-दीडशेचा फरक होता. ज्याने डेटा केबल वर दिली त्याच्याकडून घेतला. ती केबल मी मुद्दाम मागितली, कारण पॉकेट पीसीने एक गोष्ट मला शिकवली होती: नंबर कॉम्प्युटरवरही असले पाहिजेत. नोकियाच्या पीसी सूट या सॉफ्टवेअरने तेच काम होत होतं. आउटलुकमध्ये बसून दोन संध्याकाळी सगळ्यांची नावं नीट लिहिली: आडनाव, गाव, पीक, एकर, बोअर की विहीर. तिथून सगळे फोनमध्ये. आधी मी हे कधी केलंच नसतं. फोनमध्ये इंटरनेट बघायला ऑपेरा मिनी टाकलं, ते पुढे अधूनमधून उपयोगी पडलं. केळीचे भाव मात्र फोन करूनच विचारायचो, आधीसारखे. शेताच्या चित्रांसाठी मी जाड पुठ्ठ्याची चौकटीची वही घेतली आणि वर प्लास्टिकचं कव्हर चढवलं. तेवढी सर काही आली नाही, हे मान्य करतो. जुनी बीएल-५सी बॅटरी शर्टाच्या खिशात. एक उतरली की दुसरी घालायची, घड्याळाची वेळ पुन्हा लावायची, संपलं.

११०० घरात फिल्टरजवळ खिळ्याला टांगून ठेवला, टॉर्चसाठी.

भाच्याचा पॉकेट पीसी संक्रांतीच्या सुमाराला जळगावच्या एका ओळखीच्या विमा एजंटाने घेतला, आठाच्या साडेसातात. तो खूश आहे असं अधूनमधून कळायचं. शहरात राहणारा, दिवसभर लोकांच्या बैठकीत बसणारा, चहा येईपर्यंत फोन प्लगला लावणारा माणूस. गिऱ्हाइकाचं वय आणि मुदत टाकायची आणि हप्ता समोरच्या समोर पडद्यावर दाखवायचा, हे त्याचं कामच. आणि विम्याचा हप्ता कितीही लवकर सांगितला तरी त्यात पाच हजार कमी करा असं कोणाला म्हणता येत नाही.